गुण न कापणारा छंद

नांदेड आणि लातूर ही आता क्लासेसची शहरे झाली आहेत. जून-जुलैत आजूबाजूच्या जिल्ह्यांतली मुले-मुली गादी, पुस्तके आणि आईने दिलेला लाडवांचा डबा घेऊन खोली शोधत फिरताना दिसतात. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना डॉक्टर केले, याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे. पण यांतलीच काही मुले दिवाळीनंतर आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे येऊ लागतात. तक्रारी ठरलेल्या असतात. डोके दुखते, छातीत जळजळते, झोप लागत नाही, टेस्टच्या दिवशी पोट बिघडते. तपासण्या बहुधा नॉर्मल येतात आणि पालक टॉनिक लिहून मागतात.

टॉनिकऐवजी मी एक गोष्ट सुचवतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास जलरंगात एक पक्षी रंगवा, तोही मोकळ्या हाताने आणि भरपूर पाणी वापरून.

“डॉक्टरसाहेब, बारावीच्या वर्षी चित्रे कसली?” असे पालक विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले की एक गुण कापला जातो. परीक्षेला हा नियम योग्यच आहे. पण दोन वर्षे रोज याच हिशोबात राहणाऱ्या मुलाला प्रत्येक चूक म्हणजे नुकसान वाटू लागते. जेवताना, झोपतानाही मनात वजाबाकी चालू राहते. शरीर सतत सावध राहते आणि मग झोप, पचन, डोके सगळेच कुरकुरू लागते. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असते. ती मिळत नसेल तर टॉनिकचा काय उपयोग?

मोकळ्या जलरंगाचा नियम नेमका उलटा आहे. कागद ओला असताना सोडलेला रंग आपल्या मर्जीने पसरतो. तो खोडता येत नाही आणि खोडायची गरजही नसते. साळुंकीच्या पाठीचा तपकिरी रंग पोटाकडे ओघळला, तर तीच तिची सावली होते. इथे चुकीला वजा एक नाही.

कृती सोपी आहे. खिडकीतून किंवा गच्चीवरून एक पक्षी दोन मिनिटे नुसता पाहा. बुलबुल, साळुंकी, कावळा, कोणताही चालेल. पेन्सिल घेऊ नका. जाड कागदावर पाण्यानेच पक्ष्याचा आकार काढा आणि त्यात फिका रंग सोडा. तो ओला असतानाच पाठीकडे गडद रंगाचा थेंब टाका. शेपटी एका फटकाऱ्यात ओढा. वाळल्यावर चोच आणि डोळा काढा, डोळ्यात पांढरा ठिपका राखा. पिसे मोजू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कागद भराभर वाळतो, म्हणून सकाळची वेळ बरी. खर्चही मोठा नाही. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथेही या छंदाला एक पेला पाणी पुरते.

पुष्कळ मुलांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या असतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. तीच खाली काढा. मात्र या चित्राला गुण देऊ नका, स्पर्धेला पाठवू नका आणि शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलना करू नका. नाहीतर औषधाचा पुन्हा रोग व्हायचा.

डोळ्यांसाठीही यात लाभ आहे. दिवसभर पुस्तक आणि मोबाईल जवळ धरलेल्या डोळ्यांना दूरच्या फांदीकडे पाहताना विसावा मिळतो. मुलांनी दिवसाच्या उजेडात बाहेर वेळ घालवला तर चष्मा लागण्याचा संभव कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. सुट्टीच्या दिवशी नांदेडच्या मुलांना विष्णुपुरीचा जलाशय जवळ आहे, लातूरकरांना मांजरा धरण. बगळा हा नवशिक्यांसाठी उत्तम पक्षी. कागद कोरा सोडायचा आणि भोवतीचे पाणी रंगवायचे.

पक्षी पाहण्यात वेळ जातो, असे ज्यांना वाटते त्यांनी डॉ. सलीम अली यांची आठवण ठेवावी. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. जगभर मान मिळवणाऱ्या या माणसाकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. म्हणून कोणी पदवी सोडावी असे नव्हे, पण एका परीक्षेवर माणसाची किंमत ठरत नाही, एवढे यातून घ्यावे.

दोन सूचना. ब्रशचे टोक तोंडात घालून टोकदार करू नका, काही रंगांत विषारी धातू असतात. आणि मेलेला पक्षी चित्रासाठी उचलून आणू नका. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे बर्ड फ्लूने मेले होते. असा पक्षी दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. हा छंद म्हणजे मानसिक आजारावरचा उपचार नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, जेवण टाकत असेल, कोणाशी बोलत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर रंगपेटी देऊन वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

बाकीच्या पालकांना माझी विनंती एवढीच की, रविवारी खोलीवर फोन कराल तेव्हा टेस्टचे मार्क नंतर विचारा. आधी विचारा, या आठवड्यात कोणता पक्षी काढलास?