‘खासगी’ विद्यापीठाचा सरकारी खजिना

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे खासगी विद्यापीठ म्हणून मिरवते. १८६१ मध्ये सनद मिळालेल्या या संस्थेला बाल्यावस्थेतच १८६२ च्या मॉरिल कायद्याचा आधार लाभला. तो पैसा सार्वजनिक जमिनींच्या विक्रीचा, आणि त्या जमिनी मूळ रहिवाशांकडून हिरावलेल्या! महायुद्धातील रडारसंशोधन व पुढे क्षेपणास्त्रांचे दिशानियंत्रण यांचा खर्चही अमेरिकन करदात्यानेच सोसला. कारभार मात्र स्वतःच आपले सभासद निवडणाऱ्या विश्वस्तांचा. ४ मार्च १९६९ रोजी तेथील विद्यार्थी-प्राध्यापकांनी संशोधन बंद ठेवून या युद्धसेवेचा जाब विचारला. उत्तर मोठे हिशेबी निघाले. १९७३ मध्ये ड्रेपर प्रयोगशाळा विद्यापीठापासून अलग झाली. क्षेपणास्त्रांचे काम थांबले नाही. संरक्षण खात्याच्या पैशावरील लिंकन प्रयोगशाळा तर विद्यापीठ आजही चालवते.