ज्याची जमीन, त्याचे गाव



ओसाड गावे पाहण्याची हौस आज जगभर वाढली आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगरांत खोलवर शिरलेले आहेत. दाट अरण्य, अखंड पाऊस, आणि कित्येक ठिकाणी बोटीशिवाय पोहोचणे कठीण. तेथील रिकाम्या गावांची चित्रे पाहून आमचे विद्यार्थी थक्क होतात. थक्क जरूर व्हावे. परंतु ही गावे ओसाड का पडली, हेही त्यांना विचारावयास शिकवले पाहिजे.

अॅनियॉक्स हे तांब्याचे गाव. ग्रॅन्बी कंपनीने 1914 मध्ये तेथे तांबे गाळण्यास सुरुवात केली आणि अडीच-तीन हजारांची वस्ती झाली. भट्ट्यांच्या धुराने भोवतालची झाडे मेली. 1935 मध्ये काम बंद पडले, माणसे निघून गेली, आणि उरले त्यातील पुष्कळसे 1942 च्या वणव्यात जळाले.

ओशन फॉल्स हे कागदाचे गाव. वर्षाला चार मीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावाने पोहणारे नामांकित खेळाडू घडवले. त्यांपैकी राल्फ हटन याने 1968 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. कंपनीने हात काढून घेतल्यावर सरकारने 1973 मध्ये कारखाना विकत घेतला. तरी 1980 मध्ये तो बंद झालाच. आज तेथे मोजकीच माणसे राहतात.

तिसरे गाव किटसॉल्ट. पोलाद कणखर करणाऱ्या मॉलिब्डेनम धातूसाठी ते वसवले. घरे, दवाखाना, दुकाने, पोहण्याचा तलाव, सर्व काही नवे होते. सुमारे 1,200 माणसे आली, आणि वर्ष-दीड वर्षातच, 1982 मध्ये, खाण बंद पडली. 2004 मध्ये भारतात जन्मलेले उद्योजक कृष्णन सुधंथिरन यांनी ते अख्खे गाव विकत घेतले. घरांची निगा राखली गेली, गवत कापले गेले. परंतु गाव पुन्हा नांदले नाही.

कोणी म्हणेल, इतक्या दूर रानात कोण राहणार? धातू संपला, माणसे गेली. हे उत्तर आम्हांस पटत नाही. किटसॉल्टला धातू संपला नव्हता. बाजारात त्याचा भाव पडला होता. आणि दूरचे रान म्हणावे, तर त्याच मुलखात निस्गा नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. खाणी आल्या, खाणी गेल्या. त्यांची गावे आजही आहेत. 2000 साली अमलात आलेल्या कराराने सुमारे 2,000 चौरस किलोमीटर भूमीवरील त्यांचा हक्क मान्य झाला.

फरक आहे तो मालकीचा. कंपनीच्या गावात पगार चांगला असेल, शाळाही उत्तम असेल. पण घर कंपनीचे आणि घराखालची जमीनही कंपनीची. कंपनी उठली की गावही उठते.

ही गोष्ट मॉरिशसच्या माणसाला निराळी समजावून सांगावी लागू नये. आमचे पूर्वज कोठीच्या कॅम्पात राहिले, तेही मालकाच्याच छपराखाली. 1858 च्या सुमारास या द्वीपावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. आज तीन उरले आहेत. उसाच्या शेतांत एकाकी धुरांडी उभी दिसतात. मग आमची गावे ओसाड का पडली नाहीत? कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन ते विकत घेतले. पुढे 2001 मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तेव्हाही मजुरांना पैशाबरोबर जमिनीचा तुकडा मिळाला. धुरांडे विझले तरी चूल विझली नाही, ती या कागदांमुळे.

म्हणून आज काही घरांतून जे ऐकू येते त्याची चिंता वाटते. मुले कॅनडाला किंवा फ्रान्सला जातात, जावोत बापडी. विद्या आणि रोजगार जेथे मिळेल तेथे जाणे आपल्या रक्तातच आहे. परंतु आजोबांनी घेतलेला तुकडा, "आता येथे कोण राहणार" म्हणून बंगले बांधणाऱ्या कंपनीला देऊन टाकण्यापूर्वी घरात चार वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे. विकणे भाग असेल तर विकावे; त्याला आम्ही दोष देत नाही. पण आपण केवळ भिंती विकत नसून गावातील आपली जागा विकत आहोत, एवढे समजून विकावे.

आणि पालकांनी एक करावे. जमिनीचा जुना कागद कपाटातून काढून मुलांना दाखवावा. त्यावर कोणाचे नाव आहे, किती पर्श जमीन आहे, तिचे पैसे कसे जमवले, हे सांगावे. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याकडूनच ऐकवावे. अॅनियॉक्सचे चित्र पाहून मुलाने "ही माणसे कुठे गेली?" असे विचारले, तर आपण का राहिलो याचे उत्तर त्याला आपल्या घरातच मिळेल.