लिव्हरला चरबी, दुखणे गळ्यात?

गाभण गाय शेवटच्या महिन्यांत फार अंगावर आली, की व्याल्यावर चारा सोडते, दूध आटते. जनावरांचे डॉक्टर सांगतात, अंगातली चरबी सुटून यकृतात साचली. गोठेवाल्याला हे पटते. पण माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघाले, की सगळ्यांची नजर पहिली बाटलीकडे जाते! उभ्या जन्मात थेंबाला न शिवलेला माळकरीसुद्धा मग रिपोर्ट ट्रंकेत लपवून ठेवतो.

दारूने लिव्हर बिघडते, यात वाद नाही. पण न पिणाऱ्यांनाही हे दुखणे होते. सुटलेले पोट आणि साखर ही त्याची मोठी कारणे. आणखी एक कारण मात्र आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही, ते म्हणजे थायरॉईड. गळ्यातल्या या ग्रंथीतून मुख्यतः टी-४ संप्रेरक सुटते. त्याचे जोरकस टी-३ लिव्हरमध्येही तयार होते आणि तेच लिव्हरला चरबी जाळायला लावते. ग्रंथी मंदावली की हे काम मंदावते. चरबी साचते, कोलेस्टेरॉल चढते. चुलीत लाकडं आहेत, पण फुंकर घालणारं कोणी नाही, अशी गत.

घरातली बाई सारखी दमते, थंडी सोसत नाही, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, वजन वाढते. घरचे म्हणतात, ‘वय झालं, आळस आलाय.’ रक्ताची टीएसएच तपासणी केली तर उलगडा होतो. फॅटी लिव्हर निघालेल्या प्रत्येकाची ही तपासणी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारने २०२१ साली या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मग गावच्या शिबिरात नुसती बीपी-शुगर का? सरपंच, ग्रामसेवकांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तेवढे विचारावे. आठवडे बाजारातल्या ‘लिव्हर साफ करणाऱ्या’ काढ्याचे पैसे तपासणीला कामी येतील.

मात्र उलटा अर्थ काढू नका. थायरॉईड ठीक असताना चरबी झडावी म्हणून त्याच्या गोळ्या खाल्ल्या, तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम या औषधाला मंजुरी मिळाली. ते थायरॉईड संप्रेरकासारखे, पण मुख्यतः लिव्हरवर काम करते. तेही लिव्हरला मध्यम ते जास्त व्रण पडलेल्यांसाठी, सिरॉसिस होण्याआधी, आणि पथ्य-व्यायाम सांभाळूनच. वजन सात ते दहा टक्के उतरले तर लिव्हर बरेच सुधारते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच ते आठ किलो. पूर्वी वावरात पायी जाणारा आता बांधापर्यंत मोटारसायकल नेतो, त्याचेही हे फळ आहे.

ज्यांची थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. आपल्याकडे तिन्ही गोळ्या एकाच मुठीत चहाबरोबर गिळतात, आणि महिन्याने ‘गुण येत नाही’ म्हणून बंद!