विश्लेषण : हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या अंगात पाणी किती साचले, हे ओळखतात कसे?

हृदयविकाराचा झटका आणि हार्ट फेल्युअर यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. या दुसऱ्या आजाराचे रुग्ण पुन:पुन्हा रुग्णालयात दाखल होतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अंगात साचलेले पाणी हेच असते. ते किती आहे हे ठरवणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

पाणी साचते का?

हृदयाकडून पुरेसे रक्त येत नाही असे जाणवले, की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. रक्तस्राव किंवा जुलाबात शरीराची हीच सवय जीव वाचवते, इथे ती उलटते. वाढलेले पाणी आधी रक्तवाहिन्यांतला दाब वाढवते, मग फुप्फुसांत, पोटात, पायांत झिरपते. सपाट झोपवत नाही, दोन-तीन उशा लागतात, रात्री दम लागून उठून बसावे लागते, चप्पल घट्ट होते. पायावर बोट दाबले की खळगा राहतो. पण ही सूज दिसेपर्यंत बरेचदा काही लिटर पाणी जमून गेलेले असते.

डॉक्टरांच्या नजरेतून ते निसटते का?

निसटते. सर्वात जुनी तपासणी मानेच्या शिरेची. रुग्णाला साधारण ४५ अंशांत टेकवायचे आणि मानेतल्या शिरेचे स्पंदन किती उंचीवर दिसते ते पाहायचे. छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या उंचवट्यापासून ते ३ सेंटिमीटरहून वर असेल, तर दाब वाढला आहे असे समजतात. खर्च शून्य, पण नजर तयार व्हावी लागते आणि जाड मानेत शीर दिसतच नाही.

‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये आलेला एक अभ्यास आजही सांगितला जातो. जुनाट हार्ट फेल्युअरच्या ४३ रुग्णांच्या हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब बराच वाढल्याचे नळी घालून केलेल्या मोजणीत दिसले होते. त्यांतल्या १८ जणांना ना पायांवर सूज होती, ना फुप्फुसांत चरचर, ना मानेची शीर फुगलेली. म्हणजे दहांत चार रुग्ण वरून कोरडे दिसत होते. उलटही घडते. अ‍ॅमलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीने, यकृताच्या किंवा मूत्रपिंडांच्या आजाराने पाय सुजतात आणि दोष हृदयाच्या माथी येतो.

यंत्रांनी प्रश्न सुटला का?

काही अंशी. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी या रक्तचाचण्या हृदयावरचा ताण दाखवतात. पण लठ्ठ व्यक्तींत त्यांचा आकडा कमी येतो, उतारवयात आणि मूत्रपिंडांच्या आजारात जास्त. फुप्फुसांच्या सोनोग्राफीत पाणी असेल तिथे पडद्यावर वरून खाली उभ्या पांढऱ्या रेघा उमटतात. स्टेथोस्कोपला ऐकू न येणारे पाणीही त्यात सापडते. परदेशात खिशात मावणारी यंत्रे त्यासाठी खाटेपाशी वापरली जातात. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते हलवण्यावर बंधने आहेत. ती का आली हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. पण हृदयरुग्णांसाठी मार्ग काढणे अशक्य नसावे.

त्याहून पुढची पायरी म्हणजे फुप्फुसाच्या रोहिणीत बसवायचा छोटा दाबमापक. ‘चॅम्पियन’ या ५५० रुग्णांच्या चाचणीत त्याच्या आकड्यांवरून औषधे बदलल्यावर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण हे महागडे उपकरण मोजक्या रुग्णांपुरतेच राहणार.

मग घरचा वजनकाटा?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चरबी तीन दिवसांत दोन किलोने वाढत नाही, पाणी वाढते. म्हणून तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ ही धोक्याची खूण मानतात. काही रुग्णांत वजन फारसे न वाढताही दाब चढतो, त्यामुळे काटा अचूक म्हणता येत नाही; तरी इतके स्वस्त दुसरे साधन नाही.

मात्र नुसती नोंद पुरत नाही. अमेरिकेत १६५३ रुग्णांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला वजन आणि लक्षणे कळवावीत, अशी चाचणी झाली. २०१० मध्ये निष्कर्ष आला : काहीच फरक नाही. अनेकांनी कळवणेच सोडले होते. जर्मनीत २०१८ मधल्या चाचणीत मात्र दूरस्थ देखरेखीमागे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसवल्या होत्या. तिथे रुग्णालयात गेलेले दिवसही घटले आणि मृत्यूही. आकडा ज्याच्या हाती पडतो, त्याला गोळीची मात्रा बदलण्याचा अधिकार आहे का, यावर बरेच अवलंबून असते.

आपल्याकडे हा दुवाच कच्चा आहे. तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे सरासरी वय ६१ च्या आसपास आढळले; पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या पुढे असते. म्हणजे घर चालवणारी माणसेही यात आहेत. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीशेजारी ‘घरी जातानाचे वजन’ ही ओळ आणि वजन वाढल्यास फोन करायचा नंबर असायलाच हवा. याला नवे यंत्र लागत नाही, नवी योजनाही नाही.

घरी काय पाहावे?

सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीआधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत, काटा फरशीवर ठेवून वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहावे. पाणी वाढण्यामागे अनेकदा साधी कारणे निघतात : लोणचे-पापड, गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, किंवा एसटीच्या प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून टाळलेली ‘पाण्याची गोळी’.

वजन झपाट्याने उतरणेही चांगले नव्हे. विदर्भातल्या मे महिन्यात घामाने पाणी जात असताना तीच मात्रा सुरू राहिली, तर उभे राहताना चक्कर येते, लघवी कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी गोळी स्वत:हून बंद न करता, वजनाचे आकडे घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.