संगीत नाटक कसे ऐकावे

हिंगोली जिल्ह्यातील मुलांना कथा आणि गाणे यांची सांगड मुळीच नवी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव याच जिल्ह्यात आहे. गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनकार अभंगाचे निरूपण करता करता मध्येच चाल धरतो, टाळकरी ध्रुपद उचलतात आणि मंडपातील आबालवृद्ध टाळ्यांनी ठेका धरतात. दसऱ्याच्या उत्सवात हिंगोलीच्या मैदानावर रामलीला होते, तेव्हा रामकथा पाहताना व ऐकताना लोकांना रात्र किती झाली याचे भान राहत नाही. असे संस्कार झालेला कान संगीत नाटकाला अर्धा तयारच असतो.

तथापि याच मुलांना एखादे संगीत नाटक पाहण्याचा योग आला, तर प्रारंभी ती थोडी गोंधळतात. कीर्तनात सर्वांनी गायचे असते. नाटकात प्रेक्षकाने गायचे नसते. कीर्तनात टाळीने रंग चढतो. नाटकात अवेळी वाजलेली टाळी रंगाचा बेरंग करते. शिवाय हा योग वारंवार येत नाही. संगीत नाटक पाहण्यासाठी पुष्कळदा नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. इतका प्रवास करून गेलेल्या प्रेक्षकाने नाटक पाहण्याची रीत जाणून घेतली, तर त्याचे जाणे सार्थकी लागेल.

प्रथम हे नाटक कोठून आले ते पाहू. मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगली येथे केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून मानतात. त्या काळच्या नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणे आणि पात्रे प्रसंगानुरूप आपली भाषणे आयत्या वेळी करीत. पुढे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कालिदासाच्या नाटकावरून ‘संगीत शाकुंतल’ रचले. त्याचा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला. त्यातील पदे सूत्रधाराकडे न ठेवता किर्लोस्करांनी ती ज्याच्या त्याच्या मुखी घातली. दुष्यंताचे मनोगत दुष्यंतच गाऊ लागला, शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे लोकांच्या ओठांवरचे प्रकार आणि रागदारीच्या चाली त्यांनी कथेत गुंफल्या. त्यानंतर 1882 साली त्यांचे ‘सौभद्र’ आले. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविणारा बलराम आणि तो युक्तीने अर्जुनाशी घडवून आणणारा कृष्ण यांचे ते प्रसन्न नाटक आजही रंगभूमीवर येते.

कित्येक जण या प्रकारावर एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, “चालता बोलता माणूस गाऊ लागतो, हे खऱ्या जगात कोठे घडते?” आक्षेप वरवर बिनतोड वाटतो; परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यातील उणेपण दिसते. जात्यावर बसलेली बाई दळता दळता माहेरची आठवण ओवीतून सांगते. मूल झोपत नसले की आईच्या बोलण्याचे आपोआप अंगाईगीत होते. शेतात भलरी उठते, देवळात भजन उठते. जेथे साधे बोलणे अपुरे पडते, तेथे माणसाला गाणे सुचते. उत्तम संगीत नाटकातही हेच घडते. प्रसंग चढत जातो, शब्द थिटे पडतात आणि पात्र गाऊ लागते. म्हणून पद हा कथेत भरलेला विसावा नव्हे. कथा त्या पदातूनच पुढे जात असते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ हे नाटक याची साक्ष देईल. ते 1899 साली रंगभूमीवर आले. द्रव्याच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे, शारदेचे, लग्न भुजंगनाथ नावाच्या वृद्ध श्रीमंताशी ठरवितो. अशा विवाहांची चाल त्या काळी समाजात होती. शारदा आपली व्यथा पदांतून सांगते. ही पदे ऐकताना प्रेक्षागृहातील बापांच्या माना खाली जाव्यात आणि आयांचे डोळे भरून यावेत, यासाठीच ती लिहिलेली आहेत. तेथे केवळ गळ्याची फिरत ऐकणाऱ्याने नाटक ऐकलेच नाही, असे म्हटले पाहिजे.

येथेच प्रेक्षकाच्या कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो. संगीत नाटकांत आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावण्याची प्रथा फार जुनी आहे. ‘वन्स मोअर’ अशी आरोळी उठली की नट ते पद पुन्हा म्हणतो. पूर्वीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. त्याला पदांची संख्या जशी कारण होती, तशा या आरोळ्याही कारण होत्या. या प्रथेत दोष काय? ‘शारदा’ नाटकच डोळ्यांसमोर आणावे. एक असहाय मुलगी आपले दुःख सांगून थांबली आहे. आणि अंधारातून कोणी गर्जून सांगतो की, तेच दुःख पुन्हा एकदा सांग! मुलगी निमूटपणे आपले अश्रू पुन्हा पहिल्यापासून ढाळू लागते. त्या क्षणी रंगमंचावरची शारदा नाहीशी होते आणि तिच्या जागी केवळ एक गाणारा कलावंत उरतो. नाटककाराने, नटाने आणि साथीदारांनी तासभर खपून उभे केलेले जग एका आरोळीने कोसळते.

यावर कोणी म्हणेल की, नटाला तर त्यात आनंदच वाटतो. प्रेक्षकाच्या पसंतीवाचून कला जगेल कशी? हे म्हणणे खरे आहे. आणि म्हणूनच पसंती विचारपूर्वक दिली पाहिजे. ज्या गोष्टीला टाळी मिळते, तीच गोष्ट कलावंत अधिक करू लागतो. प्रेक्षकांनी लांबलचक तानांनाच दाद दिली, तर ताना वाढतात आणि अर्थ मागे पडतो. प्रसंगाला शोभेल तेवढेच गाऊन थांबणाऱ्याला दाद दिली, तर तसे गाणारे निपजतात. आनंदाच्या प्रसंगी, किंवा जेथे पद पुन्हा झाल्याने कथेला धक्का लागत नाही तेथे, सर्वांच्या इच्छेने ते पुन्हा ऐकण्यास हरकत नसावी. परंतु शोकाच्या आणि निर्णायक प्रसंगी स्तब्धता हीच सर्वांत मोठी दाद होय.

नटाची बाजूही मुलांनी जाणून घ्यावी. नारायण श्रीपाद राजहंस हे बालगंधर्व या नावाने महाराष्ट्रात घरोघर माहीत होते. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत ‘मानापमान’ या नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता आणि भामिनीची भूमिका त्यांच्याकडे होती. त्याच सुमारास त्यांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला. प्रयोग पुढे ढकलला असता तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु नाटकासाठी आलेल्या रसिकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी आपले दुःख मनात दडपले आणि त्या रात्री ते रंगमंचावर उभे राहिले. असे करणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद होऊ शकेल. एवढे मात्र निश्चित की, ज्या प्रेक्षकासाठी एखादा बाप असा उभा राहतो, त्या प्रेक्षकाने निदान वेळेवर येऊन शांत बसावे, ही अपेक्षा मोठी नव्हे.

ही कला सदैव भरभराटीत राहिली असेही नाही. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. थोड्या पैशांत आणि थोड्या वेळात गाणे, कथा व देखावे पाहावयास मिळू लागले. नाटक मंडळ्यांचा खर्च मोठा, रात्री लांबलेल्या आणि प्रेक्षक पांगलेले, अशा स्थितीत अनेक मंडळ्या बंद पडल्या. तरीही कला संपली नाही. 1967 साली पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी त्याला संगीत दिले आणि वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका गाजविली. दोन गायकांच्या स्पर्धेची ती कथा असल्यामुळे तेथे गाणे हाच कथेचा प्राण होता. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांत संगीत नाटकांची स्पर्धा आजही वेगळी घेतली जाते आणि नवे कलावंत जुनी नाटके पुन्हा उभी करतात. त्यांना जाणते प्रेक्षक मिळतील की नाही, हे आजच्या मुलांवर अवलंबून आहे.

जाणता प्रेक्षक होण्यास संगीतशास्त्राचा मोठा अभ्यास लागत नाही. काही साध्या गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरते. नाटकाला जाण्यापूर्वी त्याची कथा समजून घ्यावी. शक्य झाल्यास शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातून नाटकाचे पुस्तक आणून पदे एकदा वाचावीत. गाताना शब्द लांबतात, तुटतात. आधी वाचलेले असले म्हणजे ते चटकन ओळखू येतात. ‘शेवट आधीच कळला तर मजा जाईल’ ही भीती व्यर्थ आहे. रामाचा विजय होणार हे ठाऊक असूनही लोक दर वर्षी रामलीला पाहतातच ना?

नाटकगृहात तिसऱ्या घंटेपूर्वी आपल्या जागी बसलेले असावे. पडदा उघडताच सूत्रधार आणि त्याचे साथी नांदी म्हणतात. ईश्वराला वंदन करून त्या सायंकाळचा सूर लावून देणारे ते गीत असते. नांदी सुरू असताना लोकांचे पाय तुडवीत आत येणारा मनुष्य स्वतःचे नुकसान तर करतोच, पण साऱ्या रांगेचेही करतो. जागा निवडता आली, तर पहिल्या रांगेचा हट्ट धरू नये. ऑर्गन आणि तबला बहुधा रंगमंचालगतच असतात. अगदी पुढे बसल्यास वाद्यांचा नाद शब्दांवर चढतो. मधल्या रांगांतून मुखावरचे भावही दिसतात आणि पदही नीट ऐकू येते.

भ्रमणध्वनी बंद करून ठेवावा. त्याची घंटा तर नकोच, पण अंधारात उजळणारा त्याचा पडदाही शेजाऱ्याचे लक्ष विचलित करतो. प्रयोगाचे चित्रण करण्याचा मोह टाळावा. जो सारा वेळ यंत्रातून पाहतो, त्याचे समोर लक्ष नसते, आणि परवानगीवाचून चित्रण करणे हा कलावंतांवर अन्यायही आहे. खाऊच्या कागदी पुड्या मध्यंतरात सोडाव्यात. पद ओळखीचे निघाले तरी नटाबरोबर गुणगुणू नये. ती हौस घरी परतताना भागवावी.

ऐकताना कान कोठे द्यावा, हेही शिकता येते. त्रितालात सोळा मात्रा असतात आणि पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गायक कितीही दूर भटकला तरी तो समेवर परत येतो; तबलजीही तेथेच त्याला भेटतो. बोटांवर हळूच मात्रा मोजाव्यात. दोन-चार आवर्तनांत सम सापडते आणि ती सापडली की त्या भेटीचा आनंद कळू लागतो. मग मान आपोआप डोलते. ती डोललेली मान रंगमंचावरून दिसते आणि गाणाऱ्याला बळ देते. त्याच वेळी एका प्रश्नाचे भान ठेवावे: हे पद सुरू होण्यापूर्वी पात्राची जी मनःस्थिती होती, ती पद संपल्यावर बदलली का? बदलली असेल, तर ते पद नाटकाचे आहे. नसेल, तर गाणे कितीही गोड असले तरी ते उपरे आहे, असे निर्भयपणे म्हणावे.

नाटक संपल्यावरही प्रेक्षकाचे काम संपत नाही. सर्व कलावंत वंदनासाठी पुढे येतात, तेव्हा वाहन चुकेल या घाईने पाठ फिरवू नये. मनसोक्त टाळ्या वाजविण्याची खरी वेळ तीच. घरी आल्यावर आजी-आजोबांना कथा सांगावी, आवडलेले आणि न आवडलेले वहीत कारणांसह टिपून ठेवावे. ‘छान होते’ एवढ्याने मत होत नाही. का छान होते, हे सांगता आले म्हणजे मत होते.

ज्यांना मोठ्या गावचे नाटक लवकर पाहावयास मिळणार नाही, त्यांनीही ही रीत शाळेतच अंगी बाणवावी. वार्षिक स्नेहसंमेलनात एखादी वर्गभगिनी भीत भीत पद म्हणावयास उभी राहते. पेटीचा सूर तिच्या आवाजाशी जुळावयास वेळ लागतो. त्या वेळी मागच्या बाकावरून शीळ ऐकू येते की सारी सभा कान देऊन ऐकते, यावरून त्या गावात उद्या कसे गायक आणि कसे श्रोते तयार होतील, हे कळून येते. तिचे पद पूर्ण होईपर्यंत शांत राहावे आणि मग सर्वांनी मिळून टाळ्या वाजवाव्यात. संगीत नाटक ऐकण्याचा पहिला पाठ तोच होय.