आईच्या डोळ्यांची गोळी

गेल्या रविवारी आईबरोबर वसईच्या बाजारात गेलो होतो. अळूची जुडी घेतली आणि पैसे देताना आईने नोट अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. माझ्या काळजात चर्र झालं.

"अगं, तू डोळ्यांच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते की, वर्ष झालं. तूच तर आणून दिल्यास!"

खरंच, मीच दिल्या होत्या. दिवसभर स्क्रीनपुढे माझे डोळे चुरचुरायचे म्हणून ल्युटीनच्या कॅप्सूल आणल्या, त्यातलीच एक बाटली आईला. तपासणीत निघाला मोतीबिंदू. म्हणजे बग एकीकडे आणि मी पॅच लावतोय भलतीकडेच!

मग जरा वाचून काढलं. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचे दोन मोठे अभ्यास आहेत, २००१ आणि २०१३ चे. उतारवयात डोळ्याचा पडदा झिजू लागतो. हा आजार मध्यम टप्प्यावर असलेल्यांमध्ये तो पुढे वाढण्याचा धोका क आणि ई जीवनसत्त्व, जस्त वगैरेंच्या ठरावीक मात्रेने साधारण २५ टक्के कमी झाला. बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून पुढे त्याच्या जागी ल्युटीन आलं. मोतीबिंदू मात्र या गोळ्यांनी थांबला नाही. माझी चुरचुर? स्क्रीनपुढे आपण पापण्याच कमी मिटतो, त्याला कॅप्सूल काय करणार!

गोळ्या थोतांड आहेत असं मी म्हणत नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्यासारखे कुपोषण भोगलेले तालुके आहेत. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टीच जाऊ शकते. अशा मुलाला सरकारी डोस म्हणजे खरंखुरं औषध. ज्याला कमतरता आहे त्याला गोळी. बाकीच्यांना ताट पुरतं. अळू, माठ, शेवग्याचा पाला आणि वर तेलाची फोडणी, कारण कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच. हे आईला न वाचताच ठाऊक होतं.

तेव्हा मंडळी, आई-बाबांना बाटली देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदा तपासून घ्या. गोळीने मला वाटलं, आपण काहीतरी केलं. त्या समाधानात आईचं एक वर्ष धूसर गेलं.

असो. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. अळू चालूच आहे.