समाजमंदिराची किल्ली

नांदेड व लातूर जिल्ह्यांत गायरानाची पडीक जमीन फोडून आपल्या बांधवांनी ज्या वस्त्या उभ्या केल्या, त्यांचा इतिहास धैर्याचा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे कायम करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही सातबाऱ्यावर नाव चढावे म्हणून पुष्कळांना तहसील कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले. जमिनीसाठी एवढा झगडणारा समाज मुलांच्या पहिल्या इयत्तेविषयी स्वस्थ का बसतो, हे आम्हास उमगत नाही.

वस्तीत समाजमंदिर असते. बहुधा दलितवस्ती सुधार योजनेतून ते बांधलेले असते. आत तथागतांची मूर्ती व बाबासाहेबांची तसबीर, आणि दाराला कुलूप. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, एखादा विवाह. एरव्ही किल्ली कोणाच्या तरी खुंटीवर. शाळा मात्र गावठाणात, आणि मध्ये ओढा. ओढ्यास पाणी आले की सहा वर्षांची मुलगी घरी राहते; सुगीत धाकट्या भावंडास सांभाळते; आईबाप ऊसतोडीस निघाले की त्यांच्यासवे फडावर जाते. हजेरीपटावर तिचे नाव असते, अक्षर मात्र तिच्या हाती नसते.

बाबासाहेबांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले ते १९५० साली. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी बसविली ती सप्टेंबर १९५१ मध्ये. शिकविणे आधी, इमारत मागाहून. आपण नेमका उलटा क्रम लावला आहे!

तेव्हा समाजमंदिर रोज उघडा. सकाळी बालवाडी, सायंकाळी अभ्यासवर्ग भरवा. वस्तीतील जी मुलगी बारावीपर्यंत शिकली असेल तिला मानधन द्या, व ते जयंतीच्या वर्गणीतून द्या. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांची भिंत थोडी बुटकी झाल्याने बाबासाहेबांचा मान कमी होत नाही. किल्लीही त्या मुलीपाशीच असावी.

मात्र एक सावधगिरी हवी. वर्ग भरू लागले की 'तुमची सोय झालीच आहे' असे अधिकारी म्हणू शकतील. हे मुळीच मान्य करू नये. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० सालीच उलटली. २००२ च्या घटनादुरुस्तीने हे शिक्षण मूलभूत हक्क झाले, व त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम आहे. असे असता २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागविले. अशा धोरणाचा पहिला घाव लहान वस्तीवरच बसणार. समाजमंदिरातील वर्ग ही आपली पदरमोड आहे. सरकारी शाळेची ती भरपाई नव्हे.

येत्या ग्रामसभेत आपल्या माताभगिनींनी पुढे बसावे, सहा वर्षांवरील मुलांची नावनिशीवार यादी व शाळेचे मोजलेले अंतर लेखी द्यावे, आणि अर्जाची पोच हाती पडल्याखेरीज उठू नये.